कळलेली आज्ञा आणि पुढचे पाऊल : विश्वासाने व आज्ञापालनाने जगण्याची रीत

“माझ्या आयुष्यासाठी देवाची इच्छा काय आहे?” हा प्रश्न विश्वासणाऱ्यांच्या तोंडी सतत असतो, आणि तो विचारताना मनात बहुधा नोकरी, लग्न किंवा स्थलांतर असते. त्यासाठी उपास होतात, रात्र-रात्र प्रार्थना होतात, कोणाला काही दर्शन झाले का याची चौकशी होते. पण त्याच माणसाने सख्ख्या भावाशी अबोला धरलेला असतो, आणि त्या बाबतीत देवाची इच्छा काय आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. मत्तय ५:२३-२४ मध्ये ती सरळ शब्दांत सांगितली आहे : अर्पण वेदीपुढे तसेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. इथे दर्शनही लागत नाही आणि खूणही लागत नाही.

माझे मत असे की विश्वासाचे जीवन बहुतेकदा इथेच अडते. जे कळत नाही त्यापेक्षा जे कळले आहे पण केलेले नाही, त्याने आपण जास्त अडखळतो. म्हणून या लेखाची सुरुवात मोठ्या निर्णयांपासून नाही, तुमच्या हाती आधीच असलेल्या आज्ञेपासून आहे. मोठ्या निर्णयांकडे आपण नंतर वळू.

आधी क्रम नीट लावा

आज्ञापालनाचा विषय निघाला की काही जण म्हणतात, “चांगले वागलो तर देव आपल्याला स्वीकारील.” काही जण म्हणतात, “तारण कृपेने झाले, आता आज्ञांचे ओझे कशाला?” दोघांचाही क्रम चुकला आहे. निर्गम २० वा अध्याय उघडून पाहा. दहा आज्ञांतली पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात येते. त्याआधी दुसऱ्या वचनात देव सांगतो, तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणणारा तुझा देव परमेश्वर मीच आहे. सुटका आधी झाली, आज्ञा मागाहून आल्या. तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा सीनाय पर्वतावरच्या आज्ञा कोणी ऐकल्यादेखील नव्हत्या.

इफिसकरांस पत्रातही हाच क्रम आहे. २:८-९ पुष्कळांना पाठ असते : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. पण दहावे वचन म्हणायचे राहून जाते. देवाने आधीच योजून ठेवलेली सत्कृत्ये आपण करावीत म्हणून ख्रिस्त येशूमध्ये आपली निर्मिती झाली, असे तिथे आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या आरंभी (१:५) आणि शेवटी (१६:२६) विश्वास आणि आज्ञापालन एकाच दमात उच्चारले आहेत. पौल विश्वासाच्या बाजूचा आणि नव्या करारातले एक पत्र लिहिणारा याकोब कृतीच्या बाजूचा, ही विभागणी सोयीची असली तरी ग्रंथाला धरून नाही.

याचा रोजचा उपयोग असा. एखादी आज्ञा पाळायला निघालात की देवापुढे एकदा मोठ्याने सांगा, “हे मी कशासाठी करतो आहे.” उत्तर कधी कधी लाजवणारे असते. ‘मी दशमांश देतो, तर देवाने माझा धंदा चालवलाच पाहिजे’ हा विश्वास नव्हे, सौदा आहे. हेतूत भेसळ सापडली तर ती कबूल करा, पण कृती थांबवू नका. हेतू पूर्ण शुद्ध होईल त्या दिवशी आज्ञा पाळू, असे म्हणणाऱ्याचा तो दिवस उगवत नाही.

पाळण्यासाठी वाचा

विश्वास वार्तेने आणि वार्ता ख्रिस्ताच्या वचनाने होते (रोम. १०:१७). तेव्हा वाचनाला पर्याय नाही, फक्त वाचण्याची पद्धत बदलावी लागते. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा संकल्प चांगला आहे, पण तेवढ्याने आज्ञाधारकपणा येत नाही. त्या वाचनाबरोबर रोज दहा-बारा वचनांचा एखादा उतारा सावकाश वाचा आणि त्याला तीन प्रश्न विचारा : देव कसा आहे हे इथे काय कळते? त्याने कोणते वचन दिले आहे? तो काय करायला सांगतो आहे? क्रम बदलू नका. ज्याने सांगितले तो कसा आहे हे नजरेआड झाले की आज्ञा नुसता धाक बनते.

प्रत्येक आज्ञा मात्र आपल्याला उद्देशून नसते. अब्राहामाला मोरिया देशात मुलाला बळी देण्यासाठी घेऊन जायला सांगितले, तो त्याच्या एकट्यासाठीचा प्रसंग होता. धनवान तरुणाला येशूने सर्वस्व विकायला सांगितले (मार्क १०:२१), आणि जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे ठरवले तेव्हा “आज या घराला तारण झाले आहे” असे म्हटले (लूक १९:८-९). यज्ञबलींचे नियम ख्रिस्तात पूर्ण झाले, असे इब्री लोकांस पत्र सविस्तर सांगते. म्हणून आज्ञा कोणाला, कोणत्या प्रसंगी दिली आहे ते पाहा, आणि नव्या करारातल्या मंडळ्यांना ती कशी शिकवली आहे हेही पाहा. एवढे केले तरी निर्विवादपणे आपल्याला लागू असलेल्या इतक्या आज्ञा उरतात की आयुष्य पुरणार नाही.

एक उतारा करून पाहू. इफिस. ४:२८ मध्ये चोरी करणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. चोरी थांबव, स्वतःच्या हातांनी चांगले काम कर, आणि गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असू दे. थांबणे, त्या जागी दुसरे काही सुरू करणे, आणि त्याचा रोख दुसऱ्याच्या भल्याकडे असणे, अशी ही रचना आहे. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच समाधान मानतात. ‘मी चोरी करत नाही’ म्हणून वचन ओलांडून जाण्यापूर्वी जरा थांबा. कामाच्या वेळात स्वतःची कामे उरकणे, खर्चाचे बिल फुगवणे, उसने घेतलेले पैसे समोरचा मागत नाही म्हणून विसरून जाणे, हे कशात मोडते? आणि यातले काहीच लागू नसेल, तर तिसरा भाग आहेच : माझ्या कमाईतला कोणता वाटा दुसऱ्याच्या गरजेसाठी ठरलेला आहे?

मग वहीत एकच वाक्य लिहा. त्याची सुरुवात ‘आज मी’ अशी हवी आणि त्यात माणूस, जागा आणि वेळ यावी. ‘मी अधिक क्षमाशील होईन’ हे चालणार नाही. ‘आज मी संध्याकाळी घरी आल्यावर बहिणीला फोन करीन आणि बोलताना जुना हिशोब काढणार नाही’ हे चालेल. पहिल्या वाक्यात तुम्ही काही केले की नाही हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दुसऱ्यात पळवाट नाही.

कोणती आज्ञा निवडावी? वाचताना जिथे डोळे भरभर पुढे सरकले, ती.

अर्धे पाळणे कसे ओळखावे

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण उघड अवज्ञा करणारे थोडे असतात आणि अर्धे पाळणारे आपण सगळेच असतो. १ शमुवेल १५ व्या अध्यायात शौल राजाला अमालेकी लोकांविरुद्ध, त्यांचे सर्व काही नष्ट करण्याच्या आज्ञेने पाठवले आहे. तो जातो, लढतो, जिंकतो. पण त्यांचा राजा अगाग आणि उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवतो. ती आज्ञा देणारा संदेष्टा शमुवेल समोर आल्याबरोबर शौल आनंदाने म्हणतो, “मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे.” तो खोटे बोलतोय असे त्याला वाटत नसावे, आणि खरी गोम तीच आहे.

त्याच्या बोलण्यात अर्ध्या आज्ञापालनाच्या तीनही खुणा सापडतात. पहिली, आज्ञेतला सोपा भाग केला आणि त्यालाच संपूर्ण आज्ञेचे नाव दिले. दुसरी, ‘लोकांनी ठेवली’ : यश सांगताना ‘मी’, चूक सांगताना ‘लोक’. तिसरी सर्वांत धोक्याची : ती मेंढरे परमेश्वराला यज्ञ करण्यासाठीच आहेत हे स्पष्टीकरण. अवज्ञेवर भक्तीचे पांघरूण घातले गेले. बाविसाव्या वचनातले शमुवेलाचे उत्तर प्रसिद्ध आहे, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.

आपल्या आयुष्यात ही तिसरी खूण कशी दिसते? घरी आईवडिलांकडे लक्ष द्यायला वेळ नाही कारण प्रभूची सेवा चालू आहे. येशूने परूशांना, म्हणजे नियमशास्त्राच्या कडक अनुयायांना, नेमके यावरच सुनावले होते : आईबापांना द्यायचे ते ‘देवाला अर्पण’ म्हणून बाजूला ठेवता आणि देवाची आज्ञा रद्द करता (मार्क ७:९-१३). कर्ज फेडायचे टाळून मंडळीला मोठी देणगी देणे हेही त्याच जातीचे. सेवा वाढत असताना एखादी साधी आज्ञा मागे पडत असेल, तर सेवेचा वेग कमी करा.

शौलाच्या उलट अडचण अराम देशाचा सेनापती नामान याची होती (२ राजे ५). त्याला आज्ञा अवघड वाटली नाही, क्षुल्लक वाटली. कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून यार्देन नदीत सात वेळा बुचकळ्या मारायच्या? दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत? शेवटी चाकरांनीच त्याला समजावले : काही मोठे करायला सांगितले असते तर आपण केलेच असते ना? देवासाठी देश सोडायला तयार असलेला माणूस बायकोची माफी मागायला तयार नसतो, तेव्हा त्याला नामानाचे दुखणे आहे असे समजावे.

जमत नाही असे वाटते तेव्हा

लूक ५ मध्ये पेत्राला जाळी सोडायला सांगितले आहे. रात्रभर राबून हाती काही लागलेले नाही आणि मासेमारी हा त्याचा रोजचा धंदा आहे. तो स्वतःचा अनुभव लपवत नाही, आधी सांगून टाकतो. मग म्हणतो, तरी आपल्या सांगण्यावरून सोडतो. विश्वास म्हणजे शंका नसणे, ही समजूत या प्रसंगापुढे टिकत नाही. शंका देवाला सांगा, आणि जाळेही सोडा. मार्क ९:२४ मधला बाप एकाच वाक्यात आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही येशूपुढे ठेवतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

आधी बळ येईल, मग मी उठेन, अशी अपेक्षा ठेवू नका. यहोशवा ३ मध्ये यार्देन दुथडी भरून वाहत होती आणि कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागल्यावर प्रवाह थांबला. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी याजकांकडे निघाले आणि वाटेत शुद्ध झाले. मदत पुष्कळदा निघाल्यानंतर भेटते. फिलिप्पै. २:१२-१३ मध्ये ‘तुम्ही करा’ आणि ‘देव तुमच्यामध्ये इच्छा करणे व कृती करणे साधून देतो’ हे दोन्ही शेजारी-शेजारी आहे. म्हणून कृतीआधी छोटी प्रार्थना पुरते : “प्रभू, मला हे करावेसे वाटत नाही. तुझ्या आत्म्याने मला हे करायला बळ दे.” मग फोन उचला.

वचनात थेट उत्तर नसलेले निर्णय

आता नोकरी आणि लग्न. अनुवाद २९:२९ सांगते की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या आपल्या आहेत, आणि त्या पाळण्यासाठी आहेत. म्हणून पहिली चाळणी वचनाची. ज्या नोकरीत रोज खोटे लिहावे लागते तिच्यासाठी मार्गदर्शन मागायची गरज नाही. दुसरी चाळणी शहाणपणाची : खर्चाचा, वेळेचा, घरच्यांवर होणाऱ्या परिणामांचा हिशोब करणे हा अविश्वास नव्हे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा हे येशूनेच सांगितले (लूक १४:२८). तिसरी, सल्ला. दोन-तीन परिपक्व विश्वासणाऱ्यांना विचारा, आणि त्यात तुमच्या मनासारखे बोलणार नाही असा एक तरी असू द्या. मग देवाकडे ज्ञान मागून निर्णय घ्या (याकोब १:५).

खूण मागण्याबद्दल एक शब्द. गिदोनाने दवाची खूण मागून जमिनीवर ठेवलेली लोकर सगळ्यांना आठवते, पण शास्ते ६ मध्ये त्याला आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती, आणि ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे तो स्वतः दोनदा म्हणतो. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतले. ती आपल्यासाठी घालून दिलेली पद्धत नाही.

‘मनाला शांती वाटते’ हीसुद्धा एकटी पुरेशी खूण नाही. योना देवापासून पळत असताना तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू गेथशेमाने बागेत पित्याची इच्छा स्वीकारत असताना अतिशय व्याकूळ होता. तसेच परिणामावरून निर्णयाची परीक्षा करू नका. पौलाला मासेदोनियाला बोलावणारे दर्शन झाले, सोबत्यांसह त्याने त्याचा अर्थ लावला, तो गेला आणि फिलिप्पै शहरात फटके खाऊन तुरुंगात पडला (प्रेषितांची कृत्ये १६). तुरुंग पाहून कोणीही म्हटले असते, वाट चुकली. त्याच रात्री तुरुंगाच्या नायकाच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला.

कोणी म्हणाले, “देवाने मला तुझ्याविषयी सांगितले”

१ राजे १३ वा अध्याय फारसा शिकवला जात नाही, तो अवश्य वाचा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती : बेथेलमध्ये खायचे नाही, प्यायचे नाही, आल्या वाटेने परतायचे नाही. एक वृद्ध संदेष्टा त्याला गाठून म्हणाला, “मीही संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले आहे, तुला घरी आणून जेवू घाल.” ते खोटे होते. तो माणूस वळला आणि त्याचा घात झाला. वय, पद आणि देवदूताचे नाव पुढे केले तरी देवाचे कळलेले वचन कोणी बदलू शकत नाही. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाची शिकवणसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिली आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली (प्रे. कृत्ये १७:११).

पुढाऱ्यांचे ऐका, हे इब्री १३:१७ सांगते. पुढाऱ्यांनी कळपावर धनीपण गाजवू नये, हे १ पेत्र ५:३ सांगते. दोन्ही वचने एकत्र वाचा. जो तुम्हाला पैसे, गुप्तता किंवा आपल्या शब्दाला प्रश्न न विचारण्याची शपथ मागतो, त्याचे ऐकणे म्हणजे देवाचे ऐकणे नव्हे. घरात मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीने सुरक्षित जागी जाणे आणि कायद्याची मदत घेणे ही अवज्ञा नाही. तसेच, विश्वास आहे म्हणून औषध बंद करू नका. हिज्कीया राजाच्या प्रार्थनेचे उत्तर आले तेव्हाही संदेष्टा यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता (२ राजे २०:७). मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला सैतानाचा होता आणि त्याने तो वचनाचा आधार देऊनच दिला होता.

वाट पाहण्याचा काळ

अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. मध्ये, ८६ व्या वर्षी, दासी हागारेपासून इश्माएल झाला. देवाच्या वचनावर त्याचा विश्वास होता, देवाच्या वेळेवर नव्हता, आणि त्याची झळ हागारेला आणि तिच्या मुलाला बसली. वाट पाहताना घाईने काढलेल्या युक्तीची किंमत बऱ्याचदा घरातली सर्वांत दुबळी व्यक्ती मोजते.

या काळात काय करावे? शेवटची स्पष्ट आज्ञा जी होती तीच करत राहा. तक्रार करायची असेल तर देवाशी करा, ‘किती वेळ?’ हा प्रश्न स्तोत्र १३ मध्ये दोन वचनांत चार वेळा आला आहे. आणि उत्तर ‘नाही’ असू शकते याची मनाशी तयारी ठेवा. बाबेलच्या भट्टीपुढे शद्रख, मेशख आणि अबेदनगो म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही (दानीएल ३:१७-१८). पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेला आपला त्रास दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली. विश्वास असेल तर मागितलेले मिळतेच, असे शिकवणाऱ्यांनी इब्री ११ वा अध्याय पस्तिसाव्या वचनाच्या पुढे वाचायला हवा, तिथे विश्वास ठेवूनही छळ सोसलेले लोक आहेत.

पाय घसरला तर

वहीतले वाक्य दिवसाअखेर तसेच राहील, असे दिवस येणारच. तेव्हा शौल आणि दावीद यांच्यातला फरक लक्षात ठेवा. “मी पाप केले आहे” हे शब्द दोघांनीही उच्चारले. शौलाने त्याला लगेच जोडले, माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर माझा मान राख (१ शमु. १५:३०). दावीदाने संदेष्टा नाथानापुढे काहीच जोडले नाही (२ शमु. १२:१३). म्हणून कबुली देताना ‘पण’ शब्द टाळा. पाप नावानिशी सांगा, १ योहान १:९ मधल्या वचनावर क्षमा स्वीकारा, कोणाचे नुकसान झाले असेल तर भरून द्या. दुसऱ्या दिवशी त्याच आज्ञेकडे परत या. भावनेच्या भरात नवा, दुप्पट मोठा नवस करू नका, तो पहिल्या आज्ञेपासून पळण्याचा आणखी एक मार्ग असतो.

हे एकट्याने करू नये

मंडळीतली एक विश्वासू व्यक्ती निवडा. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी हे बरे. आठवड्यातून एकदा भेटा आणि एकमेकांना विचारा : या आठवड्यात देवाने काय सांगितले? तू काय केलेस? काय टाळलेस, आणि त्याला कोणते धार्मिक कारण दिलेस? ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही, फक्त प्रार्थना करायची आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. एखादी गोष्ट लागोपाठ काही आठवडे ‘टाळली’ याच खाली येत असेल, तर नवीन उतारा घेऊ नका. ती कृती दोघांनी मिळून आणखी लहान करा : समेटाची भेट जमत नसेल तर आधी चार ओळींचे पत्र, तेही जमत नसेल तर त्या माणसाचे नाव घेऊन रोज प्रार्थना, आणि पत्राची तारीख आत्ताच ठरवून ठेवा.